फी भरून झाल्यावर

दहावी-बारावीचे निकाल लागले की वडोदऱ्यातील मराठी मंडळांचे, ज्ञातिसंस्थांचे आणि गणेशोत्सव मंडळांचे गुणगौरव समारंभ सुरू होतात. व्यासपीठावर पंच्याऐंशी टक्क्यांच्या वरची मुले येतात, त्यांना प्रशस्तिपत्र, पेन आणि जमल्यास रोख रकमेचे पाकीट मिळते, पाहुण्यांचे भाषण होते आणि मग अल्पोपाहार. या समारंभांना माझा विरोध नाही; माझ्या मुलीनेही अशी पाकिटे घेतलेली आहेत. परंतु ज्या घरात दहावी उत्तीर्ण होणारी हीच पहिली पिढी आहे आणि अठ्ठेचाळीस टक्के ही त्या घराची मोठी कमाई आहे, त्या घरातले मूल या व्यासपीठावर कधी येत नाही. मंडळाच्या निधीतला जो रुपया सर्वांत जास्त उपयोगी पडला असता, तो त्या मुलापर्यंत पोहोचतच नाही.

मी ट्रान्सफॉर्मर तयार करणाऱ्या एका कारखान्यात उत्पादन विभागात नोकरी केली. निवृत्तीनंतर काही मित्रांना बरोबर घेऊन आयटीआय (औद्योगिक प्रशिक्षण संस्था), अप्रेंटिसशिप (कारखान्यातली शिकाऊ उमेदवारी) आणि डिप्लोमा या वाटेने जाणाऱ्या मुलामुलींना हातभार लावण्याचे काम करतो. आमची नोंदणीकृत संस्था नाही, फलक नाही, पावतीपुस्तकही नाही; दांडिया बाजारातल्या एका मित्राच्या घराची पुढची खोली आणि हिशेबाची एक वही एवढाच आमचा पसारा आहे. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे, आणि ते जरा सविस्तर मांडावे म्हणून हे लिहीत आहे. गरीब मुलाचे शिक्षण अभ्यासक्रम चालू असताना जितके तुटते, त्याहून अधिक ते दोन अभ्यासक्रमांच्या मधल्या रिकाम्या जागेत तुटते. दहावीचा निकाल आणि आयटीआयचा प्रवेश, आयटीआयची अंतिम परीक्षा आणि अप्रेंटिसशिपचे पत्र, अप्रेंटिसशिपची अखेर आणि डिप्लोमाचा वर्ग, अशा प्रत्येक टप्प्यात काही आठवडे किंवा काही महिने मोकळे पडतात. त्या काळात मूल कोणत्याच हजेरीपटावर नसते, म्हणून ते कोणत्याच योजनेच्या यादीतही नसते, आणि घराला त्याच्या हातांची आठवण नेमकी तेव्हाच होते.

आमच्याकडे येणारी बरीचशी कुटुंबे खानदेशातली आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या या लोकांच्या घरात अहिराणी, मोहल्ल्यात गुजराती आणि शाळेतही आता बहुधा गुजरातीच असते, कारण शहरातल्या मराठी माध्यमाच्या शाळा माझ्या डोळ्यांदेखत ओसरत गेल्या. वडील कारखान्यात ठेकेदाराकडे रोजंदारीवर, आई चार घरची पोळ्या-भाकरीची कामे करणारी, आणि भाड्याची खोली मकरपुरा, तरसाली किंवा गोरव्याच्या बाजूला. यांच्यापैकी जी कुटुंबे अनुसूचित जाती किंवा जमातीतली आहेत, त्यांच्यापुढे एक विचित्र अडचण उभी राहते आणि ती पुष्कळ सुशिक्षितांना ठाऊकही नसते. मूल वडोदऱ्यातल्या रुग्णालयात जन्मलेले असते, वडोदऱ्यात शिकलेले असते, पण जातीचे मूळ महाराष्ट्रातले असते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात स्थलांतर केलेल्या व्यक्तीला नव्या राज्यात त्या राज्याच्या आरक्षणाचा लाभ मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये आणि पुन्हा १९९४ मध्ये स्पष्ट केले आहे. अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० आणि जमातींच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५० या, त्यांच्या याद्या ठरवणाऱ्या राष्ट्रपतींच्या आदेशांच्या तारखा निर्णायक ठरतात. त्या दिवशी आजोबा-पणजोबा कोठे राहत होते याचा पुरावा, ज्यांच्याकडे कालचे लाइट बिल सापडत नाही त्यांनी आणायचा असतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची रचनाही अशी आहे की ती विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी आहे त्या राज्याने द्यायची. म्हणजे गुजरातच्या दृष्टीने हा मुलगा बाहेरचा, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने वडोदऱ्याला स्थायिक झालेला. कायद्याचा तर्क मला समजतो. तरीही सोळा वर्षांच्या मुलाला तो समजावून सांगण्याचे काम मी दर जूनमध्ये मोठ्या नाइलाजाने करतो.

कागदपत्रांचा विषय निघालाच आहे, तर तो संपवून पुढे जातो. उत्पन्नाचा दाखला, ज्याला आम्ही वडोदेकर गुजरातीच्या सवयीने आवकेचा दाखला म्हणतो, तो मामलतदार कचेरीतून निकाल लागण्याच्या आधीच काढून ठेवावा, कारण निकालानंतर तिथली रांग रस्त्यापर्यंत येते. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि गुणपत्रिका या तिन्हींवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेले आहे की नाही, हे नववीतच तपासावे. आमची मराठी नावे गुजरातीतून इंग्रजीत जाताना काय रूप घेतील याचा भरवसा नसतो, आणि एका अक्षराच्या फरकावर अर्ज अडतो. माझी पत्नी बँकेतून निवृत्त झाली आहे, आणि तिने शोधून काढलेली एक गोष्ट अनेकांच्या उपयोगी पडली. शिष्यवृत्तीची रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यातच येईल असे नसते. आधारशी जे खाते सर्वांत शेवटी जोडले गेले असेल त्यात ती जाते. कोणी सिम कार्डाबरोबर किंवा दुकानदाराच्या आग्रहाने मध्येच एखादे खाते उघडलेले असते आणि ते विसरूनही गेलेले असते. पैसे आलेच नाहीत म्हणून महिनोन्महिने हळहळणाऱ्या घरात ते पैसे त्या विसरलेल्या खात्यात निवांत पडून असल्याचे तिने दाखवून दिले आहे.

आता आयटीआयकडे वळतो. आपल्या देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली आणि आजच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था तिच्याच आधारावर चालतात. वडोदऱ्यात गोरवा आणि तरसाली येथील सरकारी आयटीआय सर्वांना परिचित आहेत. सरकारी आयटीआयची फी इतकी थोडी असते की “आम्ही एका मुलाची फी भरली” असे कोणी अभिमानाने सांगितले की मला थोडे हसू येते. खर्च फी भरून झाल्यावर सुरू होतो. बॉयलर सूट, सेफ्टी बूट, ड्रॉइंगचे साहित्य, वर्कशॉपच्या जर्नल वह्या, रोजचे बसभाडे, आणि दिवसभर कानशीने लोखंड घासणाऱ्या वाढत्या वयाच्या मुलाचे दुपारचे जेवण. फिटर या ट्रेडचे, म्हणजे यंत्राचे भाग घासून-जुळवून बसवण्याच्या अभ्यासक्रमाचे, सुरुवातीचे महिने जवळजवळ सगळेच कानशीत जातात. पोलादाची पट्टी काटकोनात आणायची, ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायची, फट दिसली की पुन्हा घासायची. ज्या मुलाच्या पोटात सकाळी फक्त चहा-खारी गेलेली असते, त्याच्या हाताला तीन वाजता कंप येतो आणि निदेशक म्हणतात की मुलाचे लक्ष नाही. आमच्या वहीत सर्वांत मोठा आकडा बसपास आणि जेवण या दोन रकान्यांचा असतो, हे वाचून काही देणगीदार निराश होतात. त्यांना लॅपटॉप द्यायचा असतो.

ट्रेड कोणता घ्यावा याबद्दल आमच्या समाजात दोनच नावे घट्ट रुजलेली आहेत, फिटर आणि इलेक्ट्रिशियन. दोन्ही दोन वर्षांचे, दहावीनंतरचे आणि चांगलेच आहेत. पण वडोदरा हे रसायनांचे शहर आहे हे पालक विसरतात. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे, तिच्याभोवती खतांचे आणि पेट्रोकेमिकल्सचे कारखाने उभे राहिले, आणि या कारखान्यांना अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, म्हणजे ज्याला मुले एओसीपी म्हणतात, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आणि लॅबोरेटरी असिस्टंट अशा ट्रेडचे लोक लागतात. दहावीला विज्ञान आणि गणितात बऱ्यापैकी गुण असलेल्या मुलाला मी आधी इकडे पाहायला सांगतो. उलट ज्याला पुस्तकाचा कंटाळा आहे पण हात स्थिर आहे, त्याच्यासाठी वेल्डर हा एक वर्षाचा, आठवी उत्तीर्णालाही मिळणारा ट्रेड आहे, आणि त्याला कमी लेखण्याचे काही कारण नाही. पंचेचाळीस अंशांत तिरपा बांधलेला पाइप जागेवरून न हलवता सगळ्या बाजूंनी जोडण्याची जी परीक्षा असते, तिला कामगार सिक्स-जी म्हणतात. जोडाची रेडिओग्राफी, म्हणजे एक्स-रे, निघते आणि आत एक बुडबुडा राहिला असला तरी तो दिसतो. ही परीक्षा पास झालेला वेल्डर रिफायनरीच्या शटडाउनच्या, म्हणजे ती दुरुस्तीसाठी बंद ठेवतात त्या, दिवसांत जे कमावतो, ते ऐकून आमच्या सोसायटीतले काही पदवीधर गप्प झालेले मी पाहिले आहेत. मात्र आयटीआयच्या एका वर्षात मूल या पातळीला येत नाही. पुढचे महिने सराव, इलेक्ट्रोड आणि पाइपचे तुकडे यांचा खर्च कोणी उचलला तरच ते तिथवर पोहोचते. मधली रिकामी जागा म्हणतो ती अशी.

या शहरात असे बोलणे नवीन नाही, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये येथे कलाभवन सुरू केले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तेथे देशी भाषेतून शिकवले जावेत, असा त्यांचा आग्रह होता. इंग्रजी येत नाही म्हणून कारागिराच्या मुलाला यंत्रशास्त्र शिकता येऊ नये, ही गोष्ट त्यांना मान्य नव्हती. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुढे १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाल्यावर ही संस्था तंत्रज्ञान विद्याशाखेत विलीन झाली, आणि तिची इमारत आमच्या त्या पुढच्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला, हे वडोदऱ्यातल्या प्रत्येक मराठी व्याख्यानात ऐकू येते. कलाभवनाचा उल्लेख मात्र त्या व्याख्यानांत क्वचितच होतो, कारण तेथे हाताने काम करायला शिकवत असत आणि आमचा सुशिक्षित वर्ग अजूनही हातकामाकडे जरा मान वाकडी करूनच पाहतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय व्हावा असे उद्दिष्ट लिहिले गेले. माझ्या ओळखीतल्या शाळांमध्ये हा परिचय अद्याप प्रदर्शनाच्या दिवशी मांडलेल्या मेणबत्त्यांच्या पुढे फारसा गेलेला नाही.

सर्वांत धोक्याची जागा आयटीआय संपल्यानंतरची. परीक्षा झालेली असते, निकाल यायचा असतो, आणि गल्लीतलाच एखादा लेबर कॉन्ट्रॅक्टर घरी येऊन बसतो. तो वाईट माणूस असतोच असे नाही. पुष्कळदा तो गाववालाच असतो. शहराबाहेरच्या वाघोडिया किंवा सावली या गावांकडच्या कारखान्यात बारा तासांची शिफ्ट, हेल्परचे काम, ओव्हरटाइम धरून हातात बरी रक्कम, आणि उद्यापासून हजर. दुसऱ्या बाजूला अप्रेंटिसशिप असते. १९६१ च्या कायद्याखाली आणि २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे तीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि त्या नियमांनी किमान विद्यावेतन दहावी उत्तीर्णासाठी ६,०००, आयटीआय प्रमाणपत्रधारकासाठी ७,००० आणि डिप्लोमाधारकासाठी ८,००० रुपये ठरवले. विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलते. हेल्परच्या पगारापुढे हे आकडे फिके दिसतात. एका मुलाच्या आईने मला विचारले, “भाऊ, सर्टिफिकीट चांगलं आहे, पण वर्षभर घर कशावर चालवायचं?” या प्रश्नाला मी भविष्याच्या गप्पांनी उत्तर देत नाही, कारण घरभाडे भविष्यात भरायचे नसते. हेल्परच्या आणि अप्रेंटिसच्या कमाईतला फरक निदान काही प्रमाणात भरून काढता आला तरच “अप्रेंटिसशिप कर” असे त्या मुलाला सांगण्याचा अधिकार आपल्याला मिळतो, असे आम्ही ठरवून टाकले आहे.

त्या वर्षाचे मोल मी कारखान्याच्या बाजूने पाहिलेले आहे. हेल्पर दहा वर्षे काम करतो आणि दहा वर्षांनीही त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो; कॉन्ट्रॅक्टर बदलला की त्याची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. शिकाऊ उमेदवार मात्र अखेरची परीक्षा देऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र घेतो, आणि कायम नोकरीच्या जाहिराती ते प्रमाणपत्र विचारतात. अर्थात शिकाऊ उमेदवाराला शिकवणारे कारखाने आहेत तसेच त्याला स्वस्त मजूर समजून वर्षभर पॅकिंगला उभे करणारेही आहेत. म्हणून पत्र कोठून आले याबरोबर तेथे कोणत्या विभागात ठेवणार, सुपरवायझर कोण, लॉगबुक भरून घेतात का, हेही आम्ही विचारतो. आमच्यापैकी बहुतेकांच्या नोकऱ्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, झाल्यामुळे एवढी चौकशी करण्याइतपत ओळखी शिल्लक आहेत, आणि खरे सांगायचे तर आमच्या देणग्यांपेक्षा या ओळखीच जास्त कामाला येतात.

पुढच्या शिक्षणाचे दार उघडे असते, हे मुलांना माहीतच नसते. आयटीआय म्हणजे शिक्षण संपले, अशी समजूत घराघरात आहे. प्रत्यक्षात दोन वर्षांचा आयटीआय झालेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, ज्याला गुजरातमध्ये सगळे सी टु डी (सर्टिफिकेट टु डिप्लोमा) म्हणतात, आणि डिप्लोमानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे डी टु डी (डिप्लोमा टु डिग्री). बारावीच्या समकक्षतेसाठी मुक्त विद्यालयाच्या मार्गाने भाषा आणि आणखी एक विषय देण्याची सोय २०१६ पासून झालेली आहे. ज्या मुलाने वयाच्या पंधराव्या वर्षी कानशी हातात घेतली, तो पंचविशीच्या आत अभियंता होऊ शकतो, आणि असे अभियंते मी पाहिलेले आहेत. कारखान्यात त्यांचा शब्द वेगळा ऐकला जातो, कारण बोल्ट किती आवळायचा हे त्यांना सांगावे लागत नाही.

परंतु दार उघडे असले तरी उंबरठा उंच आहे, आणि तो उंबरठा गणिताचा आहे. सी टु डीने गेलेला मुलगा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचे गणित न शिकताच दुसऱ्या वर्षात जाऊन बसतो. इलेक्ट्रिशियन झालेल्या मुलाला मोटरचे स्टार-डेल्टा कनेक्शन अंधारातही करता येते (त्याने ते करू नये, असे मी बजावतो), पण ए.सी. सर्किटमधला इम्पिडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा एकूण विरोध, संमिश्र संख्येत लिहायची वेळ आली की तो वर्गात मागच्या बाकावर सरकतो. पुस्तक इंग्रजी, संज्ञा अनोळखी, आणि शेजारी पहिल्या वर्षापासून कॉलेजात रुळलेली मुले. दोन-तीन विषय राहिले की मूल घरी काही बोलत नाही. फी वाया गेली असे कोणी म्हणेल या भीतीने ते नुसते कॉलेजला जाणे थांबवते आणि पुन्हा त्याच कॉन्ट्रॅक्टरकडे दिसते. मुलाला बुद्धी नाही असा निष्कर्ष येथे काढणे फार सोपे असते आणि तो बहुधा चुकीचा असतो.

आमच्यातले एक निवृत्त शिक्षक या मुलांसाठी रविवारी सकाळी गणित घेतात. ते पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात करीत नाहीत. मुलाने आयटीआयच्या कार्यशाळेत जे हाताळलेले आहे, तेथून ते मागे जातात. ऑसिलोस्कोपवर दिसणारी व्होल्टेजची लाट आधी कागदावर काढून घेतात, मग त्या लाटेतून साइनचा आलेख, त्यातून कोन, कोनातून फेजर, म्हणजे ती लाट दाखवणारा फिरता बाण, आणि फेजर हाती आला की संमिश्र संख्या ही कोणाच्या डोक्यातून निघालेली खोड नाही हे मुलाला आपोआप पटते. लॉगॅरिदम शिकवताना डेसिबल येतो, डेरिव्हेटिव्ह शिकवताना इंडक्टरमधला प्रवाह येतो. सरांचे स्पष्टीकरण अर्धे गुजरातीत, अर्धे मराठीत आणि संज्ञा इंग्रजीत असते, आणि भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांना ते ऐकवणार नाही. पण गज्जरांना आवडले असते, असे मला वाटते. या वर्गाला खर्च जवळजवळ नाही. मंडळांनी एक गुणगौरव समारंभ गाळून अशा चार शिक्षकांना विनंती केली तर केवढे काम होईल, हे मी अनेक बैठकांत बोललो आहे. बैठकीत सर्वजण माना डोलावतात.

राज्य सरकारच्या योजना आहेतच, आणि त्यांचा लाभ घ्यावा. मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेत सहा लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलांना फीचा अर्धा भाग, पुस्तके आणि वसतिगृहासाठी मदत मिळते. जातीची अट नसल्यामुळे स्थलांतरित कुटुंबांनाही ती आधाराची ठरते. परंतु दहावी-बारावीला ऐंशी पर्सेंटाइल ही तिची किमान अट आहे, आणि डिप्लोमानंतर पदवीला जाणाऱ्यांसाठी पासष्ट टक्क्यांची. म्हणजे येथेही पुन्हा गुणगौरवच. ज्याला पंचावन्न टक्के आहेत, जो रात्री वडिलांच्या भजीच्या गाडीवर उभा राहतो आणि तरीही सकाळी वर्कशॉपला वेळेवर येतो, त्याची नोंद घेणारा रकाना कोणत्याच अर्जात नाही. सरकारला तो रकाना करता येणार नाही, हे मी समजू शकतो. आमच्यासारख्या छोट्या गटांना मात्र तो सहज करता येतो. म्हणून आम्ही मदतीसाठी गुणांची अट ठेवलेलीच नाही, फक्त हजेरी विचारतो.

राहण्याच्या जागेबद्दल वेगळे लिहायला हवे. छोटा उदेपूर किंवा नर्मदेकडच्या गावातून, तसेच नवापूर-नंदुरबारकडून येणाऱ्या मुलांना शहरात खोली लागते, आणि खोली देताना घरमालक नाव विचारतात, मग आडनाव विचारतात, मग विचार करून सांगतो म्हणतात. या शहराला ही गोष्ट अपरिचित नाही. महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पदवीच्या शिक्षणासाठी दरमहा पंचवीस रुपयांची आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहावे लागले, तेथूनही बाहेर काढण्यात आले, आणि ते शहर सोडून गेले. दरबाराने शिष्यवृत्ती दिली होती, पण शहराने खोली दिली नाही. सरकारी छात्रालयांत प्रवेश मिळाला तर प्रश्न सुटतो. नाही मिळाला तर आमच्यापैकी कोणीतरी घरमालकाकडे सोबत जातो. पांढऱ्या केसांचा निवृत्त अधिकारी बरोबर असला की आडनावाचा प्रश्न पुष्कळदा विचारला जात नाही. हे असे चालावे याची मला लाज वाटते, तरी मुलाला खोली हवी असते म्हणून मी जातो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक भिंत असते आणि ती बहुधा घरातलीच असते. शिवणकाम किंवा ब्यूटी पार्लर एवढेच मुलीचे ट्रेड, असे आई-वडील, शेजारी आणि कधीकधी शाळेचे शिक्षकही धरून चालतात. शिवणकामात वाईट काही नाही. परंतु ड्राफ्ट्समन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, लॅबोरेटरी असिस्टंट या ट्रेडमध्ये मुलींनी जावे यासाठी मी हट्ट धरतो. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचे काम आमच्या कारखान्यात उत्तम करणाऱ्या कितीतरी बायका होत्या. तांब्याच्या तारेवरचा कागद न दुखावता एकसारखे वेढे घालण्याला जी चिकाटी लागते ती त्यांच्याकडे होती, पण प्रमाणपत्र नसल्यामुळे त्या शेवटपर्यंत हेल्परच्या वर्गात राहिल्या. मुलीला तांत्रिक ट्रेडला घालायला वडील तयार होतात ते भाषणाने होत नाहीत. तिच्याच वस्तीतली दुसरी मुलगी त्याच आयटीआयला जात असेल आणि दोघी एका बसने जाणार असतील तर ते तयार होतात. म्हणून आम्ही मुलींची नावे शक्यतो जोडीने पाठवतो.

पैसे देण्याची आमची पद्धत साधी आहे. रक्कम एकदम देत नाही, महिन्याला देतो, आणि ती मुलाच्या हातात देतो, कारण हिशेब ठेवायला शिकणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. परतफेड मागत नाही. कोणाचाही फोटो काढत नाही. धनादेश हातात देतानाचा फोटो ज्याला हवा असतो त्याची देणगी आम्ही नम्रपणे नाकारली आहे, आणि त्यामुळे आमची शिल्लक नेहमी थोडकी असते. दरमहा एकदा मुलाने येऊन भेटावे एवढीच अट आहे. त्या भेटीतच कळते की बूट फाटले आहेत, की वडिलांचा हात मशीनमध्ये आला आहे, की अमुक विषयाच्या सरांशी पटत नाही. यांतले निम्मे प्रश्न पैशाने सुटणारे नसतात.

यंदा आम्ही दोन गोष्टी नव्याने करणार आहोत. अप्रेंटिसशिप सुरू झाल्यावर पहिले विद्यावेतन हातात पडेपर्यंत अनेकदा दीड-दोन महिने जातात, त्या काळातले बसभाडे आणि जेवण यांची रक्कम पत्र मिळाल्याच्या दिवशीच द्यायची, असे ठरले आहे. दुसरे म्हणजे वेल्डर झालेल्या मुलांना पाइप वेल्डिंगचा सराव मिळावा म्हणून एका फॅब्रिकेशनवाल्या मित्राच्या शेडमध्ये संध्याकाळचे दोन तास मागितले आहेत. जागा आणि मशीन तो देतो, इलेक्ट्रोड आणि विजेचा खर्च आमचा. ज्यांच्याकडे जुने मिनी ड्राफ्टर, चालू स्थितीतले सायंटिफिक कॅल्क्युलेटर, व्हर्नियर कॅलिपर किंवा डिप्लोमाची गणिताची पुस्तके पडून असतील त्यांनी ती द्यावीत, शाली आणि स्मृतिचिन्हे देऊ नयेत. सावली, हालोल किंवा पादऱ्याच्या बाजूला कारखान्यात कोणाची ओळख असेल तर ती आयटीआयचे निकाल लागण्याच्या आधी कळवावी, कारण निकालानंतरच्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टर घरी येतो आणि त्याच्या आधी आमचे पत्र घरात पोहोचलेले असावे लागते.